फाइल ‘पुटअप’ करणे

कोथरूडकर: बाबांच्या नोकरीतल्या जुन्या इंग्रजी कागदांचं मराठी करते आहे. एका टिपणीवर साहेबांचा शेरा आहे, ‘प्लीज पुट अप विथ रिमार्क्स.’ मी ‘शेरे सहन करावेत’ असं लिहून मोकळी झाले, कारण शाळेत ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे हेच पाठ केलेलं. भावाने चूक दाखवली. इथला ‘विथ’ क्रियापदाचा नाही, शेऱ्यांचा. म्हणजे ‘अभिप्रायासह सादर करावे’. पण बाबा घरीसुद्धा ‘आज फाइल पुटअप केली’ असंच म्हणायचे. काय ठेवू?

शनिवारपेठी: ताई, ‘सादर’च ठेवा. सरकारी मराठीत तोच रूढ आहे. कारकून खाली, साहेब वर, म्हणून कागद ‘अप’ जातो. आणि ‘सादर’ म्हणजे आदरासह. दुसरा शब्द हवा कशाला?

जुन्नरकर: ही व्युत्पत्ती मला पटत नाही. मोडी कागदांत ‘आज्ञा सादर जाहली’ असं येतं. धनी चाकराला आदराने हुकूम कशाला देईल? हा अरबी ‘सादिर’, म्हणजे निघालेला, जारी झालेला. ‘सादर प्रणाम’मधला संस्कृत शब्द वेगळा. दोघांचं रूप एक झालं आणि वरून खाली येणारा शब्द खालून वर जाऊ लागला, असा माझा तर्क आहे.

शनिवारपेठी: अरबी असेल, पण तो मुरलाय. ‘पुटअप’ला तोच मान द्यायचा? शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो उगाच नाही.

जुन्नरकर: त्या कोशानंतरही ‘अर्ज’, ‘हुकूम’, ‘तारीख’ राहिलेच की. ताईंच्या बाबांनी जन्मभर वापरला तो शब्द मराठीच.

डेक्कनकर: आणखी एक ‘पुट अप’ राहिला. आपल्याकडे ‘व्हेअर आर यू पुट अप?’, म्हणजे कुठे राहता, असं सर्रास विचारतात. इंग्लंडमध्ये यजमान पाहुण्याला ‘पुट अप’ करतो, म्हणजे रात्रीपुरता ठेवून घेतो. माझी आजी विचारायची, ‘कुठे उतरलात?’ इंग्रजीत पाहुणा वर, मराठीत खाली! बैलगाडीतून उतरण्यावरून आलं असणार.

जुन्नरकर: गाडी नव्हे, नदी. संस्कृतात ‘उत्तरण’ म्हणजे पार होणे. ‘उतारू’ त्यातलाच. पैलतीरी गेलं की मुक्काम.

कोथरूडकर: आणि माझा शेरा?

मुळशीकर: नदीचं पटतं. पाणी ओसरून चालत जाण्याजोगं झालं की आमच्याकडे म्हातारी माणसं ‘नदीला उतार झाला’ म्हणत. जुन्नरकडे हे ऐकलंय का कुणी?