डुअल बँड राउटर घेतला, पण बेडरूममध्ये ५ गिगाहर्ट्झ पोचतच नाही

कर्वेनगर_२बीएचके:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. फायबरवाल्यांनी त्यांचा डबा (मोडेम, त्याचंही वायफाय आहे) हॉलमध्ये मेन डोअरच्या वर बसवलाय, आतल्या बेडरूममध्ये रेंज नव्हती म्हणून नवीन डुअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन वायफाय देणारा) राउटर आणला आणि डब्याशेजारीच ठेवला. हॉलमध्ये ५ वाला मस्त चालतो पण बेडरूममध्ये एकच काडी दिसते, मिस्टर तिथूनच ऑफिसचं काम करतात आणि मीटिंग चालू असताना आवाज तुटतो. प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे पण नवीन राउटरवर स्पीड ९०-९४ च्या पुढे जातच नाही. आणि गीझरचा स्मार्ट प्लग कनेक्ट होत नाहीये तो वेगळाच ताप. राउटर बदलून आणू का?

केबल_ओढणारा:
ताई बदलू नका, थांबा. आधी ९४ चं बघू कारण तो आकडाच सांगतोय की मधे कुठेतरी १०० एमबीपीएसची लिंक आहे. एक तर राउटरचे पोर्टच १०० चे असतील (स्वस्तातल्या बऱ्याच डुअल बँड राउटरना असतात, खोक्यावर १०/१०० लिहिलेलं असतं, गिगाबिट, म्हणजे १०००, हा शब्द नसतो), नाहीतर डब्यातून राउटरला आलेली वायर खराब आहे. गिगाबिटला आठही तारा लागतात, क्लिपमध्ये एक जरी नीट बसली नसेल तरी लिंक १०० वर येते. आधी दुसरी कॅट ५ई (गिगाबिट चालणारी लॅन) वायर लावून बघा. पोर्टच १०० चे निघाले तर मात्र वायर बदलून काही होणार नाही, मग खरंच बदलून आणा.

आता बेडरूम. ५ गिगाहर्ट्झला स्पीड जास्त पण भिंतीत लवकर दम संपतो, दोन भिंती मधे आल्या की २.४ च जास्त भरवशाचा. पण मुळात नवीन राउटर डब्याला चिकटून ठेवून रेंज वाढणार कशी, दोघं एकाच कोपऱ्यातून ओरडतायत. पॅसेजमध्ये किंवा थेट बेडरूमच्या दाराशी न्या, वायरने. कपाटात किंवा टीव्हीच्या मागे नको.

प्लगचं सोपं आहे, असले बहुतेक प्लग फक्त २.४ वर चालतात. स्मार्ट कनेक्ट (दोन्ही बँड एकाच नावाने दाखवणारी सेटिंग) बंद करा, दोन्ही बँडना वेगळी नावं द्या, सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ ठेवा आणि प्लग जोडताना मोबाईलपण २.४ वर ठेवा.

सदाशिव_पेठ:
वायरला +१. आमच्या जुन्या वाड्यात दीड-दोन फुटी भिंती आहेत, तिथे कितीही अँटेनाचा राउटर आणा, ५ पलीकडे जात नाही. शेवटी माडीवर वायर नेली आणि प्रश्न मिटला. भिंत फोडायची नसेल तर खिडकीच्या चौकटीला धरून पट्टीतून न्या, चपटी वायर मिळते.

कर्वेनगर_२बीएचके:
थँक्यू दोघांना! राउटरच्या पोर्टवर गिगाबिट लिहिलंय, म्हणजे वायरच असणार. आणि राउटर पॅसेजमध्ये न्यायचा तर डब्याचं वायफाय बंद करायचं का? नवीन राउटर कुठल्या मोडवर ठेवू, राउटर की अॅक्सेस पॉइंट?

केबल_ओढणारा:
अॅक्सेस पॉइंट, म्हणजे राउटर फक्त वायफाय देतो, बाकी काम डबाच करतो. राउटर मोडवर ठेवलात तर दोघंही आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) वाटत बसतात, डबल नॅट होतं, म्हणजे एका नेटवर्कच्या आत दुसरं वेगळं नेटवर्क बनतं, मग हॉलमधला प्रिंटर आतल्या लॅपटॉपला सापडत नाही. अॅक्सेस पॉइंट मोड नसेल तर राउटरचं डीएचसीपी (आयपी वाटणारी सेटिंग) बंद करा, डब्याची वायर राउटरच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टमध्ये न घालता लॅन पोर्टमध्ये घाला. मात्र दोघांचे पत्ते सारखे नकोत, डबा १९२.१६८.१.१ वर असेल तर राउटरला १९२.१६८.१.२ द्या, हे वायर लावायच्या आधी करा. पॅसेजमधून हॉलपर्यंत ५ नीट येत असेल तर डब्याचं वायफाय बंदच करा, नाहीतर मोबाईल लांबच्यालाच चिकटून बसतो.

२.४ चं चॅनेल १, ६ किंवा ११ यापैकीच घ्या आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. तुमच्या बिल्डिंगमध्ये घरटी एक राउटर असणार, ४० केलंत तर सगळ्यांच्याच पायात पाय.

विमाननगर_नाईटशिफ्ट:
एक भर घालतो. ५ वाला अचानक गायब होऊन थोड्या वेळाने परत दिसायला लागला तर चॅनेल बघा. ५२ ते १४४ मधली चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेली असतात, राउटरला रडार ऐकू आलं की चॅनेल सोडावंच लागतं आणि नवीन घेताना आधी निदान मिनिटभर ऐकत बसावं लागतं. आमच्याकडे सारखं व्हायचं, लोहगाव विमानतळ जवळ आहे म्हणून असेल. ऑटो काढून ३६ केलं, तेव्हापासून त्रास नाही.

कर्वेनगर_२बीएचके:
वायर बदलली, स्पीड १९० च्या वर आलाय!! राउटर पॅसेजमध्ये गेला, बेडरूममध्ये ५ पूर्ण, प्लगपण जोडला गेला. मिस्टर खूश. आता फक्त गुरुवारी लाइट जाते तेव्हा काय करायचं?

सदाशिव_पेठ:
मिनी यूपीएस घ्या, पण दोन लागतील, एक डब्याला एक राउटरला, कारण नुसता राउटर चालू राहून उपयोग नाही. घेताना दोन्ही अॅडॉप्टरवरचे व्होल्ट बघा, ते तंतोतंत जुळायला हवेत आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. तुमच्या घरात थेट फायबर येते ते चांगलं आहे, ज्यांच्याकडे बिल्डिंगच्या स्विचवरून लॅन वायर येते त्यांचा खालचा स्विचच बंद पडतो.