धुक्यातले फोटो पांढरेफटक येतात: हेलिओस ४४-२ आणि सुपर-टाकुमार

करवंद
जानेवारीत पहाटे महाबळेश्वरचा वेण्णा लेक आणि तिथून पुढे भंडारदरा असा बेत आहे. बॉडी सोनी ए६०००. लेन्स दोन, दोन्ही एम४२ च्या (जुना आट्यांचा माउंट): हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ/२) आणि सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४. अडॅप्टर साधा, बिनकाचेचा. मुळशीकडे धुक्यात चाचणी घेतली तर तीन भानगडी दिसल्या:

१. अख्खी फ्रेम दुधाळ. जवळची झाडंसुद्धा राखाडी. हेलिओसवर जास्तच.
२. टाकुमार अनंताच्या (सगळ्यात लांबच्या फोकसच्या) खुणेवर लावली की लांबचा डोंगर मऊ येतो.
३. टाकुमारवर गारठ्याचा निळसरपणा येतच नाही, सगळं चहाच्या रंगाचं.

शिवाय स्पॉटमॅटिक या जुन्या फिल्म कॅमेऱ्यात एचपी५ या कृष्णधवल फिल्मचा एक रोल घालायचा विचार आहे. धुक्यासाठी फिल्टर कोणता लावावा? नारिंगी सुचवला जातोय.

आडवाट
आधी दुसरा मुद्दा, कारण तो घरीच सुटतो. एम४२ चं फ्लँज अंतर (लेन्स टेकते तिथपासून सेन्सर किंवा फिल्मपर्यंतचं) ४५.४६ मिमी, सोनी ई चं १८ मिमी. म्हणजे अडॅप्टर बरोबर २७.४६ मिमी हवा. स्वस्तातले अडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ करतात, म्हणजे अनंत हुकत नाही, उलट लेन्स अनंताच्याही पुढे जाते. खुणेपर्यंत नेलंत की तुम्ही फोकस ओलांडलेला असतो, म्हणून डोंगर मऊ. उलटा प्रकार जास्त वाईट: ५८ मिमीच्या लेन्सला अडॅप्टर फक्त ०.१ मिमी जाड झाला तर फोकस साधारण ३४ मीटरच्या पलीकडे जातच नाही. २८ मिमीची लेन्स असेल तर आठ मीटरवरच गाडी अडते.

उपाय: दिवसाढवळ्या लांबचा मोबाइल टॉवर धरा, लेन्स पूर्ण उघडी, स्क्रीनवर कमाल मॅग्निफाय, आणि खरा अनंत जिथे येतो तिथे बॅरलवर पांढऱ्या मार्करने बारीक रेघ मारा. दोन्ही लेन्सना वेगवेगळी. धुक्यात फोकस पीकिंगवर (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणारी सोय) विसंबू नका, त्याला कडा लागतात आणि धुक्यात कडाच नसतात. अंधारात त्या रेघेवर लावून मोकळे व्हा.

आता दुधाळपणा. धुक्यात मुळात कॉन्ट्रास्ट नाही, आणि एकेरी कोटिंगची (काचेवर चमक रोखणारा एकच थर असलेली) लेन्स उरलासुरला खाते. फ्रेमबाहेरचं पांढरं आभाळ काचेवर पडतं आणि तो उजेड सगळीकडे पसरतो. म्हणून:

हूड (लेन्सच्या तोंडाशी लावायची, आडवा उजेड अडवणारी नळी) लावा. ४४-२ आणि ही टाकुमार, दोघींचा फिल्टर धागा ४९ मिमी, तेव्हा धातूचा एकच हूड चालेल. तुमचा सेन्सर लहान असल्यामुळे ५८ ची लेन्स ८७ मिमीसारखी वागते, म्हणजे टेलेसाठीचा लांब हूड लावला तरी कोपरे काळे होत नाहीत. अडॅप्टरच्या आत डोकावून बघा. चकचकीत काळा असेल तर तोच अर्धा गुन्हेगार. आतून काळा मखमली कागद चिकटवा, पण कडेची तूस सेन्सरवर पडणार नाही असा नीट कापून. मागून टॉर्च मारून काचेत धूसर थर दिसतो का तेही पाहा. असला तर हूडने काही होणार नाही, लेन्स उघडून साफ करावी लागेल.

अ‍ॅपर्चर एफ/५.६ ते ८. हेलिओसचा भोवऱ्यासारखा बोके (फोकसबाहेरची धूसर पार्श्वभूमी) इथे कामाचा नाही, लँडस्केपमध्ये एफ/२ वर कडा वाहतात. ४४-२ ला दोन रिंग आहेत: पुढची आकडा ठरवते, दुसरी त्या आकड्यापर्यंत उघडझाप करते. पुढची ८ वर ठेवून दुसरी बंद करायची राहिली तर फोटो एफ/२ वरच निघतो. हा घोळ अंधारात हमखास होतो. टाकुमारवर अ‍ॅपर्चरचा खटका ऑटोवरून मॅन्युअलवर घ्या, नाहीतर अडॅप्टरवर पाती हलणारच नाहीत. कॅमेऱ्यात ‘लेन्स नसताना शटर’ हा पर्याय चालू हवा.

लिंगमळा
हूडबद्दल थोडा मतभेद. सूर्य वर आल्यावर त्याच्याकडे तोंड करून, हूड काढून घेतलेल्या एखाद्या फ्रेममध्ये जुन्या काचेचा पडदा झकास दिसतो. पण पुढ्यात काहीतरी ठार काळं हवं: होडीची कड, जांभळाचं खोड, कातळ. काळ्याशिवाय धुकं म्हणजे नुसता कोरा कागद.

वेण्णा लेकचं सांगायचं तर दवबिंदू गोठतात ते निरभ्र आकाश आणि पडलेला वारा असेल तेव्हा. थंड हवा खोलगट भागात साचते, म्हणून गावात नसलं तरी तलावाकाठच्या गवतावर आणि जीपच्या टपांवर पांढरं दिसतं. ऊन लागलं की संपलं. जानेवारीत सूर्योदय सात-सव्वासातला, तुम्ही सहाला जागेवर हवे.

पाण्यावरच्या वाफेसाठी शटरचा विचार आधी करा. १/६० किंवा त्याहून जलद ठेवलंत तर वाफेचे पदर सुटे दिसतात. चार-पाच सेकंद दिलेत की सगळं मिसळून सपाट चादर होते. बहुतेक जण ट्रायपॉड आहे म्हणून सवयीने लांब एक्स्पोजर देतात आणि नेमकी मजा घालवतात. आयएसओ ८०० करा, थोडी ग्रेन आली तर बिघडत नाही.

जुन्या रशियन लेन्समधलं ग्रीस ५-६ अंशांत आखडतं. रिंगला जोर लावला की हेलिओस अडॅप्टरमधून सुटायला लागते. अडॅप्टर धरूनच फिरवा. पुढची काच रात्रीच्या आकाशाखाली हवेपेक्षाही थंड होते आणि तिच्यावर दव बसतं. हातातला उबदार पाऊच रबरबँडने बॅरलला बांधा. गाडीत हीटर चालू असेल तर आत शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि तासभर उघडू नका. या लेन्समध्ये ओल गेली की पुढच्या पावसाळ्यात बुरशी ठरलेली.

कृष्णधवल
नारिंगी फिल्टर घरी ठेवा. धुरकट हवेतले कण बारीक असतात, ते निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून नारिंगी-लाल फिल्टर लांबचा डोंगर साफ करतो. धुक्याचे थेंब मोठे, ते सगळे रंग सारखेच विखुरतात. त्यावर कुठलाच फिल्टर चालत नाही, नुसता प्रकाश जातो. भंडारदऱ्याला नऊनंतर धुकं विरून धुरकटपणा उरतो, आणि तिथे तुम्हाला तो हवा आहे, घालवायचा नाही. डोंगरांच्या एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगा त्यानेच दिसतात. त्या वाढवायच्या असतील तर उलट निळा फिल्टर लावा.

स्पॉटमॅटिक नावालाच स्पॉट, मीटर अख्ख्या फ्रेमची सरासरी घेतो आणि धुक्याला राखाडी करतो. दाट धुक्याला एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त द्या, गोठलेलं गवत फ्रेमभर असेल तर दीड. त्याचा सेल अंधारात संथ असतो, सुई स्थिरावू द्या. एक सेकंदाच्या पुढे एचपी५ ला भरपाई लागते: मोजलेल्या सेकंदांचा १.३१ वा घात. ४ चे ६, १० चे २० सेकंद. रोल सगळा धुक्यातलाच असेल तर डेव्हलपिंगचा वेळ नेहमीपेक्षा २० टक्के वाढवा, निगेटिव्हला कणा येतो. अर्धा रोल उन्हातला असेल तर मात्र वाढवू नका.

करवंद
पिवळेपणाचं राहिलं. टाकुमार उन्हात ठेवली तर जातो म्हणे?

आडवाट
जातो. सात काचांच्या या टाकुमारमध्ये थोरियमची काच आहे, ती वर्षानुवर्षांत पिवळी पडते आणि अतिनील प्रकाशाने परत उजळते. पण उघडी लेन्स उन्हात म्हणजे आगकाडी. पडदा, गादी, काहीही पेटू शकतं. अतिनील एलईडीचा दिवा बरा: मागच्या काचेवर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, खाली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, काही दिवस सलग. दिव्याकडे थेट बघू नका. किरणोत्साराची भीती वापरण्यापुरती नको, फक्त ती काच घासू-फोडू नका.

एवढा वेळ नसेल तर रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता त्याच लेन्समधून राखाडी कार्डावर लावून घ्या. नंतर निळा थोडाच वाढवा, फक्त सावल्यांत. एचपी५ वर तर हा पिवळेपणा फुकटचा हलका पिवळा फिल्टर आहे, तिकडे टाकुमार अशीच लावा.

लिंगमळा
आणि एडिट करताना डीहेझच्या (धुरकटपणा काढणाऱ्या स्लायडरच्या) नादी लागू नका. धुकं जातं आणि सेन्सरवरचे डाग तेवढे वर येतात. पुढ्यातलं खोड निवडून फक्त त्याचाच काळा खाली ओढा. घरून निघण्याआधी ए६००० चा सेन्सर ब्लोअरने साफ करा, एफ/८ वर पांढऱ्या आभाळात एकेक कण दिसतो.