हँगओव्हरच्या गोळीची चाचणी: मीटरचे आकडे जुळेनात, मदत हवी

बर्डीकर: डीएचएमच्या (डायहायड्रोमायरिसेटिन, हँगओव्हरवर म्हणून विकतात) कॅप्सूल दुकानात ठेवायच्या की नाही ते ठरवायचंय. विकणारा म्हणतो चढत नाही आणि सकाळी डोकंही दुखत नाही. चौघांवर करून पाहतोय, दोघांना गोळी, दोघांना नाही. फुंकायच्या मीटरवर (100 मिली रक्तात किती ग्रॅम दारू ते दाखवतो) गोळीवाल्या एकाचा आकडा आधी 0.21, थोड्या वेळाने 0.06. गोळीनं उतरली की मीटर बोगस? शनिवारी परत बसायचंय, लवकर सांगा.

लॅबकोट: किती प्यायले, किती वेळात, वजन किती, शेवटच्या घोटानंतर किती मिनिटांनी फुंकलं?

बर्डीकर: व्हिस्की, नेहमीसारखी. फुंकलं लगेच. हे महत्त्वाचं आहे का?

लॅबकोट: तेच तर महत्त्वाचं. 0.21 तोंडात राहिलेल्या दारूचा आकडा आहे, रक्तातला नाही. चूळ भरा, 15-20 मिनिटं तोंडात काही घालू नका, मग फुंका. रक्तातलं प्रमाण तासाला साधारण 0.015 नं उतरतं. 0.21 वरून 0.06 वर यायला दहा तास लागतील.
आणि 'नेहमीसारखी' म्हणजे काय? 42.8 टक्क्यांचा 60 मिलीचा पेग: 60 × 0.428 × 0.789, म्हणजे 20 ग्रॅम अल्कोहोल. वजनानुसार ग्रॅम ठरवा, मोजपात्रानंच ओता.

संत्रानगरी: एवढं कशाला भाऊ? रात्री दोन ग्लास ओआरएस, झोपताना एक पॅरासिटामॉल. काम झालं.

लॅबकोट: दारूवर पॅरासिटामॉल सुचवू नका, यकृतावर दुहेरी मार बसतो. ओआरएसनं तहान भागते, नशा उतरत नाही. आणि त्यानं हे विचारलंच नाही.

संत्रानगरी: तहान भागली की जरा बरं वाटतं, एवढं तरी मान्य करा.

सावजीप्रेमी: जेवण काय होतं? तर्रीदार मटणावर प्यायले तर पोट उशिरा रिकामं होतं आणि आकडा मुळातच कमी चढतो. एक उपाशी, एक भरपेट, तर जेवणाचा परिणाम गोळीच्या नावावर जाईल.

बर्डीकर: दोघं जेवून आले होते, दोघं नाही. कोण कोणते ते लिहिलं नाही.

लॅबकोट: मग ती रात्र सोडून द्या. वेगवेगळ्या माणसांची तुलनाही करू नका. त्याच माणसाला एकदा खरी, एकदा नकली कॅप्सूल, मध्ये किमान आठवडा. नकलीत माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासूनची साधी पावडर) भरा, आकार-रंग तोच ठेवा. डब्यांवर अ-ब तिसऱ्यानं लिहावं आणि यादी शेवटपर्यंत त्याच्याकडेच राहू द्यावी. जेवण तेच, ब्रँड तोच. गडद दारूत काँजेनर (दारू बनताना तयार होणारी इतर रसायनं) जास्त, त्यानं सकाळ बदलते.
हँगओव्हर वेगळा मोजा. तो आकडा शून्याजवळ आल्यावर जोर धरतो, तेव्हा मीटर काहीच सांगत नाही. डोकेदुखी, मळमळ, तहान, थकवा यांना 0 ते 10 गुण द्या, किती तास झोपले तेही लिहा.

फ्यूएलसेल: मीटर कुठला ते अजून कोणी विचारलं नाही! सेमीकंडक्टर सेन्सर स्वस्त असतो, पण अ‍ॅसिटोनलाही दारूच समजतो. फ्यूएल सेलवाला घ्या, कॅलिब्रेशन करून घ्या. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला असेल तर विचारूच नका.

वर्धारोड: वर्ध्याकडे बाटली नेऊ नका, तिकडे दारूबंदी आहे.

सावजीप्रेमी: त्यानं कुठे जायचं म्हटलंय?

नियमवाला: पाकिटावर एफएसएसएआय क्रमांक आणि 'औषधी वापरासाठी नाही' असा इशारा आहे का ते पाहा. चार मित्रांच्या आकड्यांवर जाहिरात करायची असेल, तर आधी एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआय (औषध-चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी. आणि गोळी घेतली म्हणून गाडी चालवू नका. मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिग्रॅ, म्हणजे मीटरवर 0.03.

बर्डीकर: जाहिरात नाही, फक्त माल ठेवायचा की नाही एवढंच. माल्टोडेक्स्ट्रिन सुट्टं कुठे मिळतं? नागपुरात बर्डीवर फक्त मोठे डबेच दिसतात.

लॅबकोट: कॉर्नस्टार्चही चालेल, किराणा दुकानात मिळतो. पण आधी वजनं सांगा.