गाय फक्त मलाच दूध देते आणि सात आठवड्यांवर लग्न आलंय

गोठ्यातली

रात्रीचे साडेनऊ झालेत आणि खुराड्याचं दार लावलं का ते आठवत नाहीये, म्हणून मध्येच उठून गेले तर समजून घ्या.

आमचा पसारा छोटा आहे. एक गाय (चांदी), तीन शेळ्या, चौदा कोंबड्या आणि एक कोंबडा, ज्याचं कुणाशीच पटत नाही. माणसं पाच: मी, नवरा, सासूबाई, तेरा वर्षांची थोरली, नऊ वर्षांचा धाकटा. सात आठवड्यांनी माझ्या भाचीचं लग्न आहे, चार दिवसांचा मुक्काम. गेल्या तीन वर्षांत आम्ही पाचही जण एका रात्रीसाठीसुद्धा एकत्र बाहेर राहिलेलो नाही. कुणीतरी मागे राहतं, आणि ते कुणीतरी मीच असते.

कारण चांदी. नवरा धारेला बसला की ती पाय उचलते, शेपटीचा फटका मारते, अर्धा लिटर देते आणि बाकीचं चोरते. मी बसले की रवंथ करत उभी. सासूबाईंना हात आहे, पण गुडघे नाहीत. चांदीला व्यायला चार महिने झालेत, सकाळी 5 आणि संध्याकाळी 3 लिटर देते, खाली कालवड आहे. शेजारी कोंबड्या-शेळ्या बघायला तयार आहेत, धार काढायला नाहीत.

तेवढ्यापुरती तिला आटवता, म्हणजे तिचं दूध बंद करता येईल का? की दुसरं काही? नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "तू नाही गेलीस तर चालेल का? तुझ्या भावाला मी समजावतो." त्यावर मी काही बोलले नाही. भांडी जरा जोरात घासली.

दोन_दावी

चार दिवसांसाठी आटवू नका. आटवलं की या वेतातलं, म्हणजे पुन्हा व्यायेपर्यंतचं दूध गेलंच समजा. आटवायची ती विण्याआधी साधारण दोन महिने, कासेला विश्रांती म्हणून. गाय अंदाजे 280 दिवस गाभण राहते, त्यामुळे पुढच्या वेळी रेतनाची तारीखच अशी धरा की ते दोन महिने तुमच्या सोयीच्या दिवसांत येतील. आम्ही आमचा वर्षातला एकुलता एक प्रवास तसाच बसवतो. यंदा त्याचा उपयोग नाही, हे मान्य.

तुमच्याकडे चार महिन्यांची कालवड आहे ना? मग धार काढणारी घरातच आहे. आतापासून रात्री कालवड वेगळी बांधा, पण गायीला दिसेल अशी. सकाळी तुम्ही धार काढा आणि मग दिवसभर दोघींना एकत्र सोडा. संध्याकाळची धार बंद. जायच्या आधीच्या आठवड्यात सकाळीही थोडं थोडं जास्त दूध तिच्यासाठी सोडत जा. आणि ते चार दिवस दोघी रात्रंदिवस एकत्र.

दोन गोष्टी सांभाळा. एकदम सगळं दूध प्यायला मिळालं तर कालवडीला हगवण लागते, म्हणून सवय हळूहळू लावायची. दुसरं, वासरं लाडके सड धरून बसतात. शेजाऱ्यांना एवढंच सांगा की रोज एकदा चारही सड हाताने चाचपायचे. एखादा कडक, गरम लागला तर फोन करायचा. आल्यावर चार-पाच दिवस चांदी तुमच्यावरही रुसेल आणि दूध कालवडीसाठी राखेल. तेवढं सहन करा.

पहाटपाळी

ताई, मी तुमच्या नवऱ्याच्या जागी होतो, म्हणून लिहितो. "गाय मला उभीच राहत नाही" हे वाक्य मी दोन वर्षं वापरलं. फार सोयीचं वाक्य आहे.

पान्हा गायीच्या मर्जीने सुटत नाही. कासेला हात लागला, कालवड दिसली, बादलीचा ओळखीचा आवाज आला की तिच्या अंगात एक संप्रेरक सुटतं आणि मिनिटभरात सड भरतात. त्याचा जोर जेमतेम पाच-सात मिनिटं टिकतो. ती घाबरली किंवा बुजली तर ते अडतं. तुमचा नवरा बसतो तेव्हा बहुतेक एकदम बसत असणार, थंड हाताने, आणि दोन पिचकाऱ्यांनंतर "बघ, देत नाही" म्हणत असणार. मी असंच करायचो.

बायकोने मला पहिला आठवडा धार काढूच दिली नाही. आंबोण (धारेच्या वेळचं भिजवलेलं खाद्य) मी ठेवायचं, कास कोमट पाण्याने मी धुवायची, पुसायची आणि बाजूला उभं राहायचं. अंगात तिचा जुना शर्ट, न धुतलेला. हसू नका. दुसऱ्या आठवड्यात शेवटचा अर्धा लिटर माझा. मग मागचे दोन सड. तिसऱ्या आठवड्यात बायको गोठ्याबाहेर, पण आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर. चौथ्यात ती झोपलेली. नखं कापायची. अंगठा मुडपून सड ओढायचा नाही, त्याने सडाला इजा होते. पूर्ण मुठीने वरून खाली दाबायचं. पहिल्या दोन धारा काळ्या वाटीत काढून बघायच्या, गुठळ्या दिसल्या तर डॉक्टर. धार झाल्यावर सड औषधात बुडवून गायीपुढे चारा टाकायचा, म्हणजे ती अर्धा तास तरी बसत नाही. सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं.

तुमच्याकडे सात आठवडे आहेत. भरपूर झाले.

घाईत_आहे

पान्ह्याचं इंजेक्शन मिळतं की. शेजारी कुणीही धार काढेल.

दोन_दावी

कृपया नको. सवय लागली की गाय त्याच्याशिवाय पान्हाच सोडत नाही. आज एक जण धार काढू शकतो, उद्या तोही नाही.

खुडूक_कोंबडी

गायीचं सगळ्यांनी सांगितलं, मी उरलेल्यांचं सांगते. आमच्याकडे माघारी जे काही बिघडलं ते गायीमुळे कधीच नाही.

शेजाऱ्यांना पेंडीच्या कोठीची किल्ली देऊ नका. मायेने जास्त घालतात. शेळीला एकदम जास्त धान्य पडलं की पोट आंबतं आणि ती दोन दिवसांत हातची जाते. आमची एक अशीच गेली. घालणारी बिचारी माझ्याइतकीच रडली. रोजचं खाद्य आधीच आठ पिशव्यांत भरून ठेवा, सकाळ-संध्याकाळच्या चार दिवसांच्या. किलोत सांगू नका, "ही पिशवी या डब्यात" एवढंच.

कोंबड्यांचं खाद्य एक वेळ चुकलं तरी निभतं, पाणी नाही. एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पिते, उन्हात जास्त. तुमच्या पंधरांना चार लिटर धरा आणि दोन भांड्यांत ठेवा, कारण एक त्या नक्की उलथवतात. दिवसभर तहानल्या तर अंडी कमी होतात, ती लगेच भरून येत नाहीत. आणि दार! कोंबड्या अंधार पडता पडता आपल्या आपण आत जातात, पण दार कुणीतरी लावायलाच हवं. मुंगूस वाटच बघत असतं.

तुमच्या शेळ्यांपैकी कुणी गाभण आहे का? ते लिहिलं नाहीत.

गोठ्यातली

दार उघडंच होतं. चौदा मोजल्या, कोंबडा धरून पंधरा.

गाभण आहे, मोरी. तुमचा प्रश्न वाचून दिनदर्शिका काढली. बोकड लागून आज 98 दिवस. शेळीचे 150 धरले तर 52 दिवस उरतात आणि लग्न 49 व्या दिवशी. म्हणजे आम्ही मांडवात आणि मोरी गोठ्यात, एकाच वेळी. हे मला कळायला हवं होतं. चिकाची बाटली कोण पाजणार, कुणाला सांगणार?

हे सगळं जेवताना मोठ्याने बोलत होते, तर सासूबाई म्हणाल्या, "मला कुठे जायचंय त्या गर्दीत? मला कुणी विचारलंय का?" खरंच विचारलं नव्हतं. पाचही जण जायचं हा हट्ट माझा एकटीचाच होता. त्यांनी आयुष्यात किती करडं काढलीत, बसल्या बसल्या सांगत होत्या. खाली बसणं-उठणं थोरली करेल म्हणाल्या, पण थोरलीला लग्नाला यायचंय. तिथे गाडी अडली आहे.

खुडूक_कोंबडी

शेजारणीला फक्त विण्याच्या वेळी हाक मारायची, बाकी वेळ सासूबाई खुर्चीवर. करडू नीट असलं तर अर्ध्या-पाऊण तासात उभं राहून स्वतःच सडाला लागतं. नाही लागलं तर पहिल्या एक-दोन तासांत चीक पोटात जायला हवा. नाळेला आयोडीन लावायचं आणि वार (करडामागून बाहेर येणारा गर्भाचा पडदा) पडली का बघायचं. ओढायची नाही. एवढं शेजारणीला आठवडाभर आधी दाखवून ठेवा.

गोठ्यातली

सोळा दिवस झाले म्हणून कळवते. कालवड रात्री वेगळी बांधतो, पहिल्या दोन रात्री दोघींनी कुणाला झोपू दिलं नाही. संध्याकाळची धार बंद, त्यामुळे संध्याकाळी मी चक्क बसलेली असते. सवय नाही, उगाच उठून लसूण सोलते.

नवरा माझा जुना निळा शर्ट घालून गोठ्यात जातो. बटणं लागत नाहीत. काल त्याने शेवटचा सव्वा लिटर काढला आणि बादली सगळ्यांना दाखवत फिरला. मी म्हटलं, आता मागचे दोन सड. धाकट्याने बाबांचा शर्टातला फोटो भाचीला पाठवला आहे, हे त्याला अजून माहीत नाही.

एक विचारायचं राहिलं: कालवड डावा पुढचाच सड ओढते. बाकीच्या तिन्हींना लावायची काही युक्ती आहे का?