फायबर सरस, पण उपग्रह बाद नाही

एका भाऊंचं म्हणणं असं की अचूक घड्याळाची फ्रिक्वेन्सी (ठोक्यांची गती) दूर पोचवायला फायबर, म्हणजे प्रकाश वाहणारी काचेची तार, इतकं सरस आहे की उपग्रह आता बाद. पहिला अर्धा भाग खराच आहे. जर्मनीत ब्राउनश्वाइग ते गार्शिंग या ९२० किलोमीटरच्या फायबरवर २०१२ मध्येच चुकीचं प्रमाण १० च्या उणे १९ व्या घातापर्यंत खाली आणलं होतं (घात जितका उणे, तितकी चूक कमी). उपग्रहाची दिवसभराची सरासरी घेतली, तरी गाडी साधारण उणे १५-१६ च्या आसपासच अडते.

पण ही करामत नुसत्या काचेची नाही. ऊन, ट्रकचे हादरे यांनी तारेतला प्रवासाचा वेळ सारखा हलतो. पलीकडून त्याच तारेतून परत आलेला प्रकाश मूळ प्रकाशाशी ताडून तो फरक तिथल्या तिथे भरून काढतात. त्यासाठी वाटेतले ॲम्प्लिफायर (प्रकाशाचा जोर वाढवणारी यंत्रं) दुतर्फा चालणारे लागतात. टेलिकॉमचे नेहमीचे एकेरी असतात. म्हणून आमच्या ग्रामपंचायतीत आलेली भारतनेटची तार आहे तशी या कामाची नाही. (रस्त्याच्या कामावरचा जेसीबी तिला जगू देईल, तेव्हाची गोष्ट!)

मग उपग्रह बाद का नाही? गावाबाहेरच्या मोबाइल टॉवरवर पांढऱ्या टोपीसारखी जीपीएस अँटेना दिसते ना? टॉवर तिच्यातून उपग्रहाची वेळ घेतो. टीडीडी नेटवर्कला (जिथे पाठवणं आणि घेणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीनं चालतं) वेळेत अधिक-उणे १.५ मायक्रोसेकंद पुरतात, आणि ते उपग्रह आरामात देतो. अडचण वेगळीच आहे: विदर्भ आयनोस्फिअरच्या (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थराच्या) उपद्रवी पट्ट्याजवळ येतो. मार्च आणि सप्टेंबरच्या आगेमागे, दिवेलागणीनंतर, सूर्यावर डाग आणि खळबळ जास्त असलेल्या वर्षांत उपग्रहाचा सिग्नल थरथरतो, कधी रिसीव्हरची पकडच सुटते. तेवढ्या वेळात टॉवरमधलं क्वार्ट्झ घड्याळ सांभाळून नेतं.