मदत हवी आहे: १९९० ची टाटामोबाइल २०६ पिकअप मूळ रूपात आणावी की बदल करावेत?

नमस्कार मंडळी. एमएच-१५ पासिंगची टाटामोबाइल २०६ आहे, सिंगल केबिन, इंजिन मूळचंच. नाशिकच्या सातपूरला काम सुरू करण्याआधी दिशा ठरवायची आहे.

मागच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकलजवळ, म्हणजे पाटा चेसीला जोडणाऱ्या कडीजवळ, चेसीवर लांबी (पुट्टी) फासलेली होती. स्क्रूड्रायव्हर टोचला तर सुपारीएवढं भोक पडलं, कडेचा पत्रा पापडासारखा सुटला. इंजिन गरम असताना ऑइलचं झाकण काढलं की धुराचा झोत येतो, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) झिजलेत. त्यामुळे आधी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं), मग चेसी, रंग सगळ्यात शेवटी. एवढं पक्कं.

खरा पेच पुढे आहे. पॉवर स्टिअरिंग बसवलं तर पंपाचं ब्रॅकेट आणि पुलीची रेषा तंतोतंत जुळावी लागते, नाहीतर गाडी बेल्ट खात राहते. टायर व्यासाने ७ टक्के मोठे घेतले तर मीटरवर ६० दिसताना वेग ६४ असतो, आणि कसारा घाटात क्लचवर भार वाढतो. दुसरं इंजिन टाकायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं: आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद हवीच. मूळ इंजिन ठेवून, बोल्ट काढून परत फिरवता येतील असेच बदल मला पटतात.

चेसीला बाहेरून पॅच पुरेल की तेवढा तुकडा कापून आतून पट्टीसह नवा जोडावा? आणि नाशिकमध्ये लायनर बोअरिंग मापात, मायक्रोमीटर लावून करणारं वर्कशॉप कुठलं? अंबड, द्वारका, कुठेही चालेल.