मदत हवी आहे: निरोपाच्या इंग्रजी पत्रात 'किकबॅक' लिहू की नको?

मंडळी, जरा घाईत मदत हवी आहे. शुक्रवारी आमच्या ऑफिसातले एक काका निवृत्त होताहेत. भोसरीच्या कारखान्यात 31 वर्षं खरेदी विभाग सांभाळला त्यांनी. दिवाळीत पुरवठादाराकडून आलेला सुक्यामेव्याचा डबासुद्धा कधी घरी नेला नाही, आला की थेट कँटीनच्या टेबलावर. पत्रावर परदेशातले साहेबही सही करणार, म्हणून ते इंग्रजीत हवंय आणि काम माझ्याकडे आलंय.

शेवटची ओळ मी अशी लिहिली: 'नाऊ इट इज युवर टाइम टू किकबॅक अँड रिलॅक्स.' अकाउंट्सच्या ताईंनी त्या शब्दावर बोट ठेवलं. "अगं, किकबॅक म्हणजे कमिशन ना? टेबलाखालचं?" पोटात गोळाच आला. नेमका या माणसाच्या पत्रात हा शब्द! मी तो 'निवांत बस' याच अर्थाने ऐकलाय. मध्ये जागा सोडली की भागेल का?

प्रतिसाद 1:
जागेचाच खेळ आहे. जोडून लिहिलं की ते नाम होतं, म्हणजे कंत्राट मिळवून दिल्याबद्दल गुपचूप मिळणारा वाटा. आराम करणे हे क्रियापद, ते तोडून लिहायचं: 'किक बॅक'. भूतकाळ 'किक्ड बॅक', 'किकबॅक्ड' नव्हे. बोलताना नामात जोर 'किक'वर येतो, क्रियापदात 'बॅक'वर. संगणकावर 'प्लीज लॉग इन' तोडून आणि 'लॉगिन आयडी' जोडून लिहितो, तसंच हे.

पण एक सांगू? 'किक बॅक टेन पर्सेंट' असं पुढे कर्म आलं की तोडून लिहूनही अर्थ पुन्हा पैशांवरच जातो. खरेदीतल्या माणसासाठी हा शब्द मी तरी वापरणार नाही.

प्रतिसाद 2:
'पुट युवर फीट अप' घ्या. ब्रिटिश वळणाचा आहे, घरगुती आहे आणि निरोपाला शोभतो. मधलं सर्वनाम मात्र माणसाप्रमाणे बदलतं, त्यांच्याबद्दल लिहिताना 'हिज फीट'. 'फीट'चं 'फूट' होऊ देऊ नका, कारण 'पुट युवर फूट डाउन' म्हणजे ठामपणे नाही म्हणणं. 'लेट युवर हेअर डाउन'ही नको, तो पार्टीतला मोकळेपणा झाला. आणि साहेबांच्या सहीवर 'चिल' तर नकोच.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. ठामपणे नाही म्हणणं, हेच तर काकांनी जन्मभर केलं! म्हणून आता ओळ अशी केली: 'फॉर थर्टी-वन इयर्स यू पुट युवर फूट डाउन. नाऊ पुट युवर फीट अप.' पहिल्या वाक्यात भूतकाळ आहे, तरी 'पुट' तसंच राहतं ना?

प्रतिसाद 2:
राहतं. एक अक्षरही बदलू नका, द्या छापायला.